वाचकांचे प्रश्न : व्हीडीआर जनुक, ड जीवनसत्त्व आणि फुप्फुसाचा कर्करोग

लाळेचा नमुना कुरिअरने पाठवून होणाऱ्या जनुकीय चाचण्यांचे अहवाल आता अनेक घरांत पोहोचले आहेत. त्यांत ड जीवनसत्त्वाच्या ग्राहकाचं (पेशीत त्याला धरणाऱ्या प्रथिनाचं) जनुक, म्हणजे व्हीडीआर, याचं नाव बहुतेक वेळा असतं आणि त्याच्यासमोर कुठल्या तरी कर्करोगाचं. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पत्रं लांब होती, प्रश्नापुरता मजकूर ठेवला आहे.

वडील रोज एक बंडल विडी ओढत. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला आणि त्यातच ते गेले. माझं वय ३८, मला कसलंच व्यसन नाही. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये जनुकीय चाचणीही होती. तिच्या अहवालात ‘व्हीडीआर टॅक-वन : जीजी, फोक-वन : एजी’ असं लिहून फुप्फुसाच्या कर्करोगासमोर लाल खूण केली आहे. मला हा रोग होणार का? — एक वाचक, सांगली

त्या दोन अक्षरजोड्यांवरून तसं म्हणता येत नाही. लाल खूण छापणाऱ्यांनी तुमच्या जिवाला विनाकारण घोर लावला आहे.

हे जनुक करतं काय ते आधी पाहू. उन्हामुळे त्वचेत तयार झालेलं किंवा अन्नातून आलेलं ड जीवनसत्त्व आहे तसं कामाचं नसतं. यकृतात त्याचं एक रूपांतर होतं (रक्त तपासणीत मोजतात ते हे रूप), मूत्रपिंडात दुसरं होतं आणि त्यातून कॅल्सिट्रायॉल हे संप्रेरक बनतं. पेशीच्या आत त्याला धरणारं प्रथिन म्हणजे व्हीडीआर. ते आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडी करून डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि शेकडो जनुकांचं काम कमी-जास्त करतं. फुप्फुसाच्या पेशींत हा ग्राहक असतो, इतकंच नव्हे तर कॅल्सिट्रायॉल जागेवरच बनवणारं विकरही (एन्झाइम) असतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही कर्कपेशींची वाढ कॅल्सिट्रायॉलमुळे मंदावते. तेव्हा ग्राहकात जन्मतः थोडा फरक असेल तर धोका बदलतो का, हा प्रश्न संशोधकांना पडणं साहजिक होतं. त्याचं उत्तर मात्र तुमच्या अहवालाला वाटतं तितकं ठाम कधीच मिळालेलं नाही.

आता अक्षरांकडे येऊ. व्हीडीआर जनुक १२व्या गुणसूत्रावर आहे. त्यातल्या पाच जागांवर सर्वांत जास्त लिहिलं गेलं : फोक-वन, बीएसएम-वन, अपा-वन, टॅक-वन आणि सीडीएक्स-टू. यांपैकी पहिल्या चार जागांना, तिथे डीएनए कापणाऱ्या विकरांची नावं मिळाली. विकर कापत असेल तर छोटं अक्षर लिहायचं, कापत नसेल तर मोठं, अशी जुन्या निबंधांतली पद्धत आहे. प्रथिन प्रत्यक्षात बदलतं ते फक्त फोक-वनमुळे. तिथे प्रथिनाची सुरुवात तीन अमिनो आम्लं पुढे सरकते. छोट्या एफच्या प्रतीपासून ४२७ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं, मोठ्या एफच्या प्रतीपासून ४२४चं, आणि हे आखूड प्रथिन थोडं जास्त कार्यक्षम असतं. टॅक-वनच्या जागी डीएनएचं अक्षर बदललं तरी प्रथिनात आयसोल्युसिनच बसतं. बीएसएम-वन आणि अपा-वन तर प्रथिन बनताना गाळल्या जाणाऱ्या भागात आहेत. म्हणजे तुमच्या अहवालात ज्या ‘जीजी’पुढे लाल खूण आहे, त्या बदलाने तुमचं व्हीडीआर प्रथिन एका कणानेही वेगळं झालेलं नाही.

इंटरनेटवर स्वतः शोधायला गेलात तर एका ठिकाणी फसाल. हे जनुक गुणसूत्राच्या उलट्या धाग्यावर वाचलं जातं, आणि आजच्या चाचण्यांतल्या चिप सुलट्या धाग्यावरची अक्षरं छापतात. त्यामुळे टॅक-वनचं ‘जीजी’ म्हणजे जुन्या निबंधांतलं छोटा टी–छोटा टी, आणि फोक-वनचं ‘एजी’ म्हणजे मोठा एफ–छोटा एफ. काही प्रयोगशाळा जनुकाच्या धाग्यावरची अक्षरं देतात, तिथे टॅक-वनमधलं ‘टीटी’ म्हणजे दोन्ही मोठे टी, पण फोक-वनमधलं ‘टीटी’ म्हणजे दोन्ही छोटे एफ. हा घोळ लक्षात न घेता अहवाल ताडून पाहिला तर नेमका उलटा अर्थ निघतो.

धोक्याचा आकडा कसा वाचायचा ते एका मानलेल्या उदाहरणाने सांगतो. समजा, तुमच्यासारख्या १,००० माणसांपैकी १० जणांना आयुष्यात हा रोग होतो. एखाद्या निबंधाने ‘धोका १.२ पट’ म्हटलं, आणि ते खरं धरलं, तर १० ऐवजी १२ जणांना होईल. उरलेल्या ९८८ जणांना ते अक्षर असूनही होणार नाही. आणि हे १.२ सुद्धा टिकलेलं नाही : एका अभ्यासात जी प्रत धोका वाढवते तीच दुसऱ्यात घटवते. याउलट नियमित सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या १५ ते ३० पट असतो, आणि हा आकडा अनेक देशांत, अनेक दशकं पुन्हा पुन्हा मिळाला आहे.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टींची दखल घ्यावी लागेल. आई, वडील किंवा भावंडांत हा रोग झाला असेल तर धोका साधारण दीडपट धरतात. त्यात जनुकं किती आणि एकाच घरातला धूर किती, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. आणि लहानपणापासून वडिलांच्या विडीचा धूर तुमच्या नाकातोंडात गेला आहे. दुसऱ्याच्या धुराने न ओढणाऱ्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा अहवालाची फाईल बाजूला ठेवून या दोन गोष्टी सांगा.

व्हीडीआरचा काही संबंध नसेल तर मग त्यावर इतके शोधनिबंध कसे निघाले? — एक निवृत्त शिक्षक, नागपूर

याचं उत्तर हाडांच्या संशोधनात सापडतं. १९९४ साली सिडनीच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की हाडांच्या घनतेवर अनुवंशाचा जो परिणाम होतो, त्यातला ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग व्हीडीआरच्या प्रकारांवरून सांगता येतो. जगभर खळबळ उडाली. चाचणी सोपी आणि स्वस्त होती, त्यामुळे मधुमेह, क्षय, स्तनाचा कर्करोग, फुप्फुसाचा कर्करोग अशा प्रत्येक रोगात हे प्रकार मोजले जाऊ लागले. १९९७ मध्ये त्याच गटाने दुरुस्ती छापली : काही नमुन्यांत दुसऱ्यांचा डीएनए मिसळला होता, आणि परिणाम आधी म्हटला त्यापेक्षा बराच लहान होता. २००६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एकत्र येऊन २६,२४२ माणसं तपासली. फोक-वन, बीएसएम-वन, अपा-वन, टॅक-वन या चारही जागांचा हाडांच्या घनतेशी किंवा फ्रॅक्चरशी संबंध मिळाला नाही. सीडीएक्स-टूचा मणक्याच्या फ्रॅक्चरशी तेवढा किंचित संबंध दिसला. पण तोपर्यंत शेकडो निबंध छापून झाले होते.

फुप्फुसाच्या कर्करोगावरचे निबंध याच साच्यातले आहेत. शे-दोनशे ते काही शे रुग्ण, तितकेच निरोगी लोक आणि पाच जागा. एक जागा तीन-चार पद्धतींनी गटवारी करून तपासली जाते. शिवाय स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, ओढणारे वेगळे. वीस वेळा तपासलं की निव्वळ योगायोगाने एकदा ‘लक्षणीय’ निकाल येणं अपेक्षितच असतं. तो निकाल छापला जातो, बाकीचे एकोणीस कपाटात राहतात. नंतर कुणी सगळे छापील निबंध एकत्र करून सरासरी काढली, तर तीही त्याच बाजूला झुकते, कारण कपाटातले तिच्यात नसतातच.

मोठ्या अभ्यासांत जागा आधी निवडत नाहीत, संपूर्ण जनुकसंच चाळतात. २००८ साली अशा अभ्यासांत १५व्या गुणसूत्रावरचा एक पट्टा सापडला. त्यात निकोटिनच्या ग्राहकांची जनुकं आहेत, आणि तिथल्या एका प्रतीमागे धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे या रोगातल्या सर्वांत ठळक अनुवांशिक खुणेची वाटही बरीचशी तंबाखूतूनच जाते : ती प्रत असलेल्यांना सवय जास्त घट्ट लागते. २०१७ मध्ये २९,२६६ रुग्ण आणि ५६,४५० इतर लोक यांच्या तुलनेतून १८ जागा पक्क्या झाल्या. व्हीडीआर त्यांत नाही. कपाटातल्या निबंधांचा प्रश्न या पद्धतीत येत नाही, म्हणून आमच्या मते शंभर लहान निबंधांपेक्षा या एका यादीचं वजन जास्त आहे.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी फुप्फुसाच्या कर्करोगाचे २०० रुग्ण आणि २०० निरोगी व्यक्ती यांत फोक-वन तपासत आहे. निरोगी गटात मोठा-मोठा ११०, मोठा-छोटा ६०, छोटा-छोटा ३० असे आकडे आले. मार्गदर्शक म्हणतात, हार्डी-वाइनबर्ग जुळत नाही. काय चुकलं असेल? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. हार्डी-वाइनबर्ग नियम प्रतींच्या प्रमाणावरून तीनही प्रकार किती यावेत ते सांगतो. आधी गणित करून पाहा. मोठ्या एफचं प्रमाण = (२ × ११० + ६०) ÷ ४०० = ०.७०. त्यावरून अपेक्षित आकडे ९८, ८४ आणि १८ येतात. काय-वर्ग (अपेक्षेपासूनच्या फरकाचं माप) १.४७ + ६.८६ + ८.०० = १६.३३. मर्यादा ३.८४ आहे, तेव्हा हा फरक योगायोगावर ढकलता येणार नाही. मिश्र प्रकार ८४ हवे होते, ६० आले. दिशा लक्षात घ्या, कारण चूक शोधायला तीच उपयोगी पडते. मिश्र जास्त आले असते तर नमुने एकमेकांत मिसळले किंवा विकराने अर्धवट कापलं, असा संशय घेतला असता. कमी आले आहेत, म्हणजे मिश्र नमुन्यातली एक प्रत तुमच्या नजरेतून किंवा पीसीआरमधून (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेतून) सुटते आहे.

नेहमीच्या प्राइमरांनी (पीसीआर कुठून सुरू व्हावी ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) २६५ बेसजोड्यांचा तुकडा मिळतो. छोटा एफ असेल तर तो १९६ आणि ६९मध्ये कापला जातो. तीनही पट्टे दिसले तर मिश्र. आता शंका या क्रमाने तपासा.

पहिली, जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर. दीड टक्का अ‍ॅगरोजवर २६५ आणि १९६ नीट सुटत नाहीत आणि ६९चा पट्टा प्राइमरच्या अवशेषांत हरवतो. ३ टक्क्यांचं जेल करा, ५० बेसजोड्यांची शिडी लावा आणि कमी व्होल्टेजवर सावकाश चालवा. ६९ दिसला नाही म्हणून घाबरू नका. निर्णय २६५ आणि १९६वर घ्या. मात्र १९६ फिका असेल तर तो नमुना ‘मोठा-मोठा’ म्हणून लिहिला गेला असण्याची शक्यता दाट आहे.

दुसरी, डीएनएचं प्रमाण. जुन्या किंवा खराब झालेल्या रक्तातून काढलेला डीएनए फार थोडा असला तर पीसीआरमध्ये सुरुवातीलाच एक प्रत पुढे जाते आणि दुसरी मागे पडते. २५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेला ५० ते १०० नॅनोग्रॅम डीएनए घ्या. २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८च्या आसपास आहे का, ते पाहा.

तिसरी, प्राइमरच्या खालीच एखादा बदल असणं. तसं असेल तर ती प्रत वाढतच नाही. त्यावर उपाय एकच : जागा बदलून नवे प्राइमर मागवा आणि ३० ‘छोटा-छोटा’ नमुने सगळेच्या सगळे पुन्हा करा.

कापण्यासाठी २० मायक्रोलिटरमध्ये १० पीसीआर उत्पाद, २ दहापट बफर, ५ युनिट विकर आणि उरलेलं पाणी, ३७ अंशांवर तीन-चार तास ठेवा. विकराचं आकारमान एकूण अभिक्रियेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. ते ग्लिसरॉलमध्ये येतं, आणि ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर गेलं की विकर भलत्या जागीही कापू लागतं. पुढे टॅक-वन करणार असाल तर तापमान ६५ अंश लागतं. ३७वर ठेवून ‘कापतच नाही’ अशी तक्रार अनेक विद्यार्थी करतात. ६५वर थेंब आटतो, म्हणून झाकण तापणाऱ्या यंत्रात ठेवा किंवा वर खनिज तेलाचा थर द्या. टॅक-वनचा ७४० बेसजोड्यांचा नेहमीचा तुकडा घेतलात तर त्यात एक कायमची कापजागा असते. मोठा टी असेल तर ४९५ आणि २४५, छोटा टी असेल तर २९०, २४५ आणि २०५. ही कायमची जागा म्हणजे आयता पुरावा : ७४०चा पट्टा शिल्लक दिसला की कापणी अर्धवट झाली, तो नमुना मोजू नका. फोक-वनच्या तुकड्यात अशी सोय नाही, म्हणून प्रत्येक खेपेला एक माहीत असलेला ‘छोटा-छोटा’ नमुना आणि एक डीएनएविना नळी हवीच. एकूण नमुन्यांपैकी दहा टक्के दुसऱ्या व्यक्तीने, रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे न कळता, पुन्हा वाचावेत. प्रत्येक प्रकारातले पाच-पाच नमुने डीएनएची अक्षरं थेट वाचणाऱ्या सँगर पद्धतीने वाचून घ्या.

प्रयोगात काहीच चूक निघाली नाही तर निरोगी गट कुठून आला ते तपासा. अर्धे एका समाजातले किंवा प्रदेशातले आणि अर्धे दुसऱ्या, असं असेल आणि दोघांत प्रतींचं प्रमाण वेगळं असेल, तर एकत्र केल्यावर मिश्र प्रकार कमीच दिसतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रतीचं प्रमाण ०.३० असताना २०० विरुद्ध २०० मध्ये सुमारे १.५ पट किंवा त्याहून मोठा परिणामच ८० टक्के खात्रीने सापडू शकतो. १.२ पट शोधायचा तर प्रत्येक गटात साधारण १,१०० जण लागतील. तेव्हा प्रबंधात ‘संबंध नाही’ असं लिहू नका. ‘१.५ पटींपेक्षा लहान संबंध या नमुन्यातून दिसू शकला नसता’ असं लिहा. वय, लिंग आणि तंबाखूचा हिशेब न घालता काढलेलं गुणोत्तर तर देऊच नका. रुग्णांत विडी-सिगारेट ओढणारे जास्त असणार, आणि सगळा फरक तिथूनच येऊ शकतो. विडीची नोंद घेताना ‘ओढतो / ओढत नाही’ एवढ्यावर थांबू नका : रोज किती, किती वर्षं आणि सोडली असल्यास कधी, हे तीन आकडे लिहा.

माझं ड जीवनसत्त्व ११ आलं. ते कमी असलं की फुप्फुसाचा कर्करोग होतो असं वाचलं. ६०,०००ची पावडर रोज घेतली तर संरक्षण मिळेल का? — एक वाचक, पुणे

रोज अजिबात घेऊ नका. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे आणि डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, असं घ्यायचं असतं. आठवड्याचा डोस रोज घेतला गेल्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून माणसं रुग्णालयात पोहोचल्याची उदाहरणं भारतीय डॉक्टरांनी वेळोवेळी नोंदवली आहेत. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गुंगी ही लक्षणं. पुढे मुतखडा होतो, मूत्रपिंड निकामीही होतं. पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली की विषबाधेचा धोका धरतात. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे पाकीट बंद केलं तरी परिणाम काही आठवडे रेंगाळतो.

११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही कमतरता आहे, आणि हाडं-स्नायूंसाठी ती भरून काढायला हवी. अहवालात एकक नॅनोमोल असेल तर आकड्याला २.५ने भागा, कारण ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम. प्रौढ भारतीयांसाठी रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. उन्हासाठी सकाळचं कोवळं ऊन फारसं कामाचं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते त्या वेळचं, साधारण ११ ते २ मधलं ऊन लागतं, आणि काचेआडून घेतलेलं चालत नाही.

कर्करोगाचं म्हणाल तर रुग्णांत ड जीवनसत्त्व कमी सापडतं, हे खरं आहे. पण आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, जेवत नाही, त्यामुळेही ते कमी होतं. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ जणांत हे झालं : एका गटाला रोज २,००० युनिट, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, पाच वर्षांहून थोडा जास्त काळ. कर्करोग कमी झाले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या डी-हेल्थ चाचणीत तर आपल्या पाकिटाइतकाच डोस होता : २१,३१५ लोक, बहुतेक साठी ओलांडलेले, महिन्याला ६०,००० युनिट, पाच वर्षं. एकूण मृत्यू कमी झाले नाहीत.

गोळीने फायदा नसला तरी तोटा काय, असं ओढणाऱ्यांना वाटत असेल तर त्यांनी बीटा-कॅरोटिनचा निकाल वाचावा. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी, तिथे बीटा-कॅरोटिनबरोबर अ जीवनसत्त्वही होतं, १९९६च्या जानेवारीत थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. दोन्हींच्या आधी प्रयोगशाळेतले पुरावे आशादायकच होते.

आणखी दोघांनी सांभाळावं. क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस असलेल्यांच्या फुप्फुसातल्या गाठी स्वतःच कॅल्सिट्रायॉल बनवतात. आणि फुप्फुसाच्या काही कर्करोगांत, विशेषतः स्क्वॅमस प्रकारात, कॅल्शियम आपोआप वाढतं. अशा रुग्णांनी रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस सुरू करू नये.

आईने (वय ६१) कधी तंबाखूला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. दोन महिने खोकला आहे. एक्स-रे पाहून टीबीचं औषध सुरू केलं, फरक नाही. तिची व्हीडीआर चाचणी करू का? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

त्या चाचणीत एक दिवसही घालवू नका. याच आठवड्यात छातीविकारतज्ज्ञांकडे जा आणि दोन गोष्टी विचारा. थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते का, म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट झाली होती का? नसेल तर निदान फक्त एक्स-रेवर उभं आहे. दुसरं, सीटी स्कॅन कधी करायचा? टीबी आणि कर्करोग यांची सावली एक्स-रेवर सारखी दिसू शकते, आणि आपल्याकडे टीबी इतका आढळतो की औषध आधी त्याचं सुरू होतं. महिना-दीड महिना औषध घेऊन खोकला, वजन, सावली यांत काहीच सुधारणा नसेल तर पुढचं पाऊल सीटी आणि गरज पडल्यास बायॉप्सी. मात्र टीबीचं औषध स्वतःहून बंद करू नका. थुंकीतून रक्त, आवाज बसणं, वजन उतरणं, बोटांची टोकं फुगीर होणं, खांद्यात न थांबणारी कळ यांतलं काही असेल तर तेही सांगा.

चूल हा मुद्दा डॉक्टरांना आवर्जून सांगा. घरातला कोळशाचा धूर, डिझेलचा धूर आणि बाहेरच्या हवेचं प्रदूषण ही सिद्ध कर्करोगकारकं मानली आहेत. लाकडाचा आणि शेणीचा धूर ‘बहुधा कारक’ या गटात आहे. भारतात हा रोग झालेल्या स्त्रियांत कधीच न ओढलेल्यांचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे ‘तंबाखू नाही म्हणजे कर्करोग नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

काही वाचकांनी कमी किरणोत्साराच्या सीटी तपासणीबद्दलही विचारलं आहे. ती तक्रार नसलेल्या, पण भरपूर ओढलेल्या लोकांसाठी असते. अमेरिकेत ५३,४५४ जणांवरच्या चाचणीत (२०११) तिच्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तिथे आता ५० ते ८० वयाच्या, २० पाकीट-वर्षं ओढलेल्या आणि सवय चालू असलेल्या किंवा १५ वर्षांच्या आत सोडलेल्यांना ती सुचवतात. रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे एक पाकीट-वर्ष. आपल्याकडे जुन्या टीबीच्या गाठी पुष्कळांच्या फुप्फुसात असतात आणि त्या संशयास्पद दिसतात, म्हणून ही तपासणी असे स्कॅन रोज वाचणाऱ्या केंद्रातच करावी. तुमच्या आईला तक्रार आहे, तेव्हा तिला निदानाचा नेहमीचा सीटी लागेल.

भावाच्या गाठीवर डॉक्टरांनी ईजीएफआर चाचणी सांगितली आहे. तीही अशीच निरुपयोगी जनुकीय चाचणी आहे का? पैसे वाचवावेत का? — एक वाचक, इंदूर

इथे पैसे वाचवू नका. व्हीडीआरचे प्रकार जन्मापासून प्रत्येक पेशीत असतात आणि त्यांवरून उपचार बदलत नाही. ईजीएफआर, एएलके, आरओएस-वन या जनुकांतले बदल गाठीत नंतर तयार झालेले असतात, आणि त्यांवरून औषध ठरतं. भारतातल्या अनेक अभ्यासांत फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी साधारण चौथाई ते तिसरा हिस्सा लोकांत ईजीएफआरचा बदल सापडतो. तो असेल तर जेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या चालतात.

चाचणी फसते ती बहुधा नमुन्यामुळे. बायॉप्सीचा तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, ६ तासांपेक्षा कमी नाही आणि तीन दिवसांपेक्षा जास्त नाही, इतका ठेवलेला हवा. हाडातला तुकडा तीव्र आम्लाने मऊ केला असेल तर डीएनए खराब होतो, म्हणून शक्य असल्यास दुसऱ्या जागेचा नमुना द्या. मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेतून ताब्यात घेऊन जपा, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. तुकडा अपुरा असेल तर रक्तावरची चाचणी होते. पण तिच्यात बदल सापडला नाही म्हणून तो नाहीच, असं होत नाही.

मुलांची व्हीडीआर चाचणी करून ठेवावी का? — एक पालक, पणजी

कर्करोगासाठी नको. व्हीडीआर तपासण्याचं खरं कारण वेगळं आणि दुर्मीळ आहे : मुलाला मुडदूस आहे, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसं देऊनही तो हटत नाही, कॅल्सिट्रायॉलची पातळी उलट वाढलेली आहे आणि कधी डोक्यावरचे केसही गळालेले आहेत. अशा वेळी दोन्ही प्रतींत गंभीर बिघाड असू शकतो. नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त दिसतो. बालरोग-संप्रेरकतज्ज्ञ तेव्हा जनुकाचा पूर्ण अनुक्रम वाचून घेतात. फोक-वन किंवा टॅक-वनची दोन अक्षरं त्यासाठीही पुरत नाहीत.

घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर चाचणीच्या आधी त्यांना १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक द्या. सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत अवघड जातात. निकोटिनची च्युइंगम घेणार असतील तर ती सुपारीसारखी सतत चघळायची नसते : चव जाणवेपर्यंत चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा चावायची. भराभर चावून गिळलं की उचकी लागते, जळजळ होते, आणि लोक ‘मला सोसत नाही’ म्हणून ती दोन दिवसांत टाकून देतात.